लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पुरुषांनाच जास्त का होतो? लावणीला तर बायकाच असतात ना?

तुमची शंका रास्त आहे. कोकणात नांगरट, चिखलणी, टिलर बहुतेक पुरुषांकडे. तरवा (भाताची रोपं) काढणं आणि लावणी बहुतेक बायकांकडे. दिवसभर वाकून, उघड्या हातापायांनी त्याच पाण्यात. तरी दवाखान्यातल्या नोंदींत पुरुष कितीतरी जास्त दिसतात.

आधी जंतूचा मार्ग बघा. उंदीर-घुशींच्या, कधी गुरांच्या नाहीतर कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतो, आणि तिथे काही आठवडे जगू शकतो. चिरा, भेगा, पाण्याने फुगून मऊ झालेली कातडी, डोळे, तोंड, एवढी वाट त्याला पुरते. पुरुषाची कातडी आणि बाईची कातडी यात तो फरक करत नाही.

मग आकडे का वेगळे? मोठं कारण काम. नाले-गटारांची सफाई, ड्रेनेज, खाटीककाम, पुरातलं बचावकार्य यांत पुरुष जास्त, आणि शहरातले बरेच रुग्ण तिथून येतात. दुसरं, आजाराची तीव्रता. जर्मनीतल्या 1997 ते 2005 च्या नोंदी तपासल्या तेव्हा पुरुषांना दाखल करावं लागण्याचं, कावीळ आणि मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि निव्वळ संपर्कावरून ते उलगडेना. तिसरं कारण मला सर्वांत खटकतं: ताप अंगावर काढणारी बाई तपासणीपर्यंत पोचतच नाही. जी तपासली गेली नाही, ती आकड्यात येणार कुठून? म्हणून ‘बायकांना होत नाही’ असं त्या आकड्यांतून काढू नका.

लागण झाल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप येतो (2 ते 30 दिवसही लागू शकतात). पोटऱ्या दाबल्या की कळ येणं आणि डोळे लाल होणं या खुणा लक्षात ठेवा. लावणीत सगळ्यांचंच अंग दुखतं, त्यामुळे ‘वाकून दुखतंय’ म्हणून नेमकी पोटरीची खूण सुटते. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर थेट मोठ्या रुग्णालयात. तापाला पॅरासिटामॉल चालेल, पण अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. आयजीएम ही लेप्टोची रक्तचाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना ‘चिखलात काम केलंय’ हे न विचारता सांगा, म्हणजे ते अहवालाची वाट न बघता औषध सुरू करू शकतील.

प्रतिबंधाच्या गोळीत मात्र बाई-पुरुष फरक खराच आहे. मुंबई महापालिकेच्या सूचनांनुसार साचलेल्या पाण्यातून एकदा चालून गेलेल्या, जखम नसलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन 200 मिग्रॅ एकदाच, तेही 72 तासांच्या आत. जखम असेल तर तीच मात्रा रोज एकदा, तीन दिवस. वारंवार पाण्यात काम असेल तर तीच मात्रा आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर बाईला डॉक्सि देत नाहीत, तिच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन 500 मिग्रॅ. आठ वर्षांखालच्या मुलांनाही ॲझिथ्रोच, 200 मिग्रॅ. गोळ्या चारचौघांत वाटल्या की जिची पाळी नुकतीच चुकली आहे ती गप्प बसते आणि तीच गोळी घेते. आशाताईंनी एकेकीला बाजूला घेऊन विचारावं. गरोदरपणात लेप्टो झाला तर गर्भपाताचा धोका असतो, म्हणून ‘गोळीच नको’ हाही उपाय नव्हे. आणि डॉक्सि कुणीही उपाशीपोटी घेऊ नये, उलटी होते. जेवून, पेलाभर पाण्यासोबत घ्या, दुधाबरोबर नको, आणि लगेच आडवं होऊ नका; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

गमबूट सुचवणाऱ्यांनी एकदा खाचरात उतरून बघावं. बूट चिखलात रुततो आणि वरून पाणी शिरलं की पाय दिवसभर त्याच पाण्यात भिजतो. गोठ्यात मात्र बूट जरूर घाला. शेण-मूत काढणं हे बहुतेक घरांत बाईचंच काम, आणि ते एका हंगामापुरतं नाही, बारमाही आहे. लावणीला जाताना चिरांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, वर आल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ पाण्यात धुवा आणि पुसून कोरडे करा. खाचरातल्या पाण्याने चूळ भरू नका, तोंडही धुऊ नका.