मारिओच्या गेममधल्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी कोणत्या?

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट फटाक्यांची. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये झेंड्याच्या खांबावर उडी मारली की कधी फटाके फुटतात, कधी नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला मामाच्या घरी आम्ही भावंडं हे नशिबावर सोडून द्यायचो. खरं कारण वरच्या कोपऱ्यातल्या वेळेत आहे. खांबाला हात लागताना शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल, तर तेवढेच फटाके फुटतात. हे कळल्यावर ताई खांबाआधीच्या पायऱ्यांवर मारिओला उभा करून आकडे मोजायची. रिमोटच्या बटणावर अंगठा तयार, आणि आम्ही सगळे श्वास रोखून.

ढग आणि झुडपं नीट बघा. आकार एकच, रंग तेवढा वेगळा. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून एकच चित्र दोनदा वापरलं. किती हुशारी ती!

१-२ च्या, म्हणजे पहिल्या 'वर्ल्ड'मधल्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी भिंतीतून आरपार घुसून ठरावीक पाइपात उतरलं, तर 'वर्ल्ड -१' लागतं. पाण्यातली ही लेव्हल संपतच नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खरं तर ते छत्तिसावं वर्ल्ड, म्हणजे '३६-१'. पण गेममधल्या चित्रांपैकी ३६ क्रमांकाचं चित्र कोरं असल्यामुळे ३६ च्या जागी काहीच दिसत नाही, नुसतं पुढचं '-१' उरतं.

आणि ३-१ मध्ये कासवावर उड्या मारून लाइफ जमवत असाल, तर १२७ च्या पुढे जाऊ नका. त्यानंतर एकदा मेलात की थेट गेम ओव्हर.