ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते. वय ६७. यजमान सरकारी नोकरीत होते, त्यांना जाऊन साडेचार वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला असतात. घर माझ्या नावावर आहे, यजमानांची पेन्शन मला मिळते, पैशाची ददात नाही. पण दिवेलागणीनंतर घर खायला उठतं.

दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने मला मोबाईलवरच्या ज्येष्ठांच्या एका मंडळात घातलं. चाळीसेक माणसं आहेत, कुणी अकोल्याचं, कुणी बेळगावचं. सकाळी व्हिडिओवर हरिपाठ, बुधवारी जुनी गाणी. तिथेच नांदेडच्या एका गृहस्थांची ओळख झाली. वय ७१, टपाल खात्यातून निवृत्त, पत्नी वारल्या आहेत. गेले आठ महिने आम्ही रोज रात्री नऊला बोलतो. मी त्यांना फोनवर पिठलं शिकवलं. कढई कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात, गुठळ्या अजून होतातच.

दिवाळीत सून आली होती. तिने विचारलं, "आई, रात्री साडेआठला साडी का बदलता?" मला उत्तर देता आलं नाही. मग मुलाचा फोन आला. "या वयात शोभतं का? लोक काय म्हणतील? उद्या घरही त्याच्या नावावर करशील." मंडळ सोड म्हणाला. सोडलं म्हणून सांगितलं, पण सोडलेलं नाही. आता नऊचा फोन स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

संक्रांतीनंतर ते सोलापूरला येणार आहेत. अक्कलकोटला जाते असं घरी सांगून मी त्यांना भेटणार आहे. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैशाची जुळवाजुळव चाललीय. त्यांनी मागितले नाहीत, पण वीस हजार द्यावेत असं मनात आहे. माझं काही चुकतंय का?

एक आजी, सोलापूर

---

आजी नका हो म्हणवून घेऊ, माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या आहात. मी ताईच म्हणते.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "स्वयंपाकघराचं दार लावून घेते." अहो, घरात तुम्ही एकट्या. मुलगा अडीचशे किलोमीटरवर. मग ते दार लावता कुणासाठी?

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. साडी बदलण्यात काही चुकत नाही. यजमान ऑफिसातून यायच्या वेळेला तुम्ही तोंड धुऊन केस विंचरून तयार होत असालच, तेव्हा कुणी कारण विचारलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी बघणार आहे, दिवसभरात काय झालं ते विचारणार आहे, एवढ्यासाठी माणूस घडी मोडलेली साडी सोडून बरी नेसतो. सुनेने विचारलं ते कदाचित सहज असेल. सहज विचारलेल्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही की तो चौकशीसारखा वाटतो, एवढंच.

माझं माहेर सोलापूरचं, पूर्व भागाला लागून. आमच्या शेजारी तेलुगू बोलणाऱ्या एक अक्का होत्या, विडी वळायच्या. दुपारी चार-पाच जणी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसायच्या. हात पानावर आणि तोंड गल्लीतल्या प्रत्येक घरावर. अक्कांचे यजमान फार लवकर गेले होते. पैशाची ओढाताण होती, डोळे आणि कंबर दोन्ही कामातून गेलेली, पण घर खायला उठतं असं त्या कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यांना ओटा होता. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटला लिफ्ट आहे, पार्किंग आहे, ओटा तेवढा नाही. तुम्ही तो मोबाईलवर शोधलात. हरिपाठ म्हणणारी चाळीस माणसं म्हणजे चांगला लांबरुंद ओटा झाला की! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली माणसांच्या एकटेपणावर एक वेगळा आयोग नेमला. म्हणजे हे तुमच्या एकटीच्या मनाचे खेळ नाहीत.

राहता राहिले लोक. सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यापाशी रिक्षा थांबवली तरी ओळखीचं कुणीतरी "काय हो, इकडे कुठे?" म्हणून हटकतंच. बोलणारे बोलणार. तुम्ही दिवसभर टीव्हीसमोर बसलात तरी "बिचारी, मुलाने टाकली" म्हणतीलच. त्यावर मी आणखी शाई घालवत नाही.

मला काळजी आहे ती त्या दाराची.

माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगते. वहिनी गेल्यावर दादा असाच फोनला लागला. एका बाईंशी ओळख झाली. गोड बोलणं, सकाळ-संध्याकाळ विचारपूस, "जेवलात का?" व्हिडिओवर यायचं म्हटलं की त्यांचा कॅमेरा बिघडलेला. महिन्याभराने त्यांनी गुंतवणुकीचं एक अ‍ॅप सांगितलं. आधी पाच हजार टाकले, त्याचे सहा दिसले. मग दादा टाकत गेला. तीन लाख चाळीस हजार गेले. पण खरं नुकसान त्याच्या पुढचं आहे. गेलेले पैसे गेले हे कळल्यावरही दादाने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मुलं हसतील, म्हातारचळ लागला म्हणतील, ही भीती. अशी फसवणूक झाली की ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं तर ते अडवून धरता येण्याची शक्यता असते. दादाने कळवलं तोवर सगळं संपलं होतं. आणि त्या बाईंचं पहिल्या आठवड्यातलं एक वाक्य काय होतं, माहितीये? "आपलं बोलणं घरात सांगू नका, लोकांना कळत नाही."

नांदेडचे गृहस्थ तसे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. उलट बऱ्याच गोष्टी त्यांच्या बाजूने दिसतात. ते मंडळात सगळ्यांसमोर व्हिडिओवर येतात, तोंड लपवत नाहीत, आठ महिन्यांत पैसा मागितलेला नाही. लुबाडायला बसलेला माणूस आठ महिने पिठल्याच्या गुठळ्या मोडत बसेल असंही मला वाटत नाही. पण चांगला माणूस असो की भामटा, तुमच्या दोघांत काय चाललंय हे तिसऱ्या कुणाला माहीत नसेल तर फरक दाखवणार कोण? ज्या मुलाला आईने फसू नये असं वाटतं, त्यानेच "शोभतं का" म्हणून तुम्हाला दाराआड ढकललं. तुमचा मुलगा हे वाचत असेल तर त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता ते वीस हजार. देऊ नका. निदान आत्ता नाही, आणि न मागता तर नाहीच. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेत, म्हणजे केंद्र सरकारचे पेन्शनर. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात फुकट होतं. मग जुळवाजुळव कशाची? कदाचित त्यांना खाजगी दवाखान्यात महागडी लेन्स बसवायची असेल, कदाचित पेन्शन मुलाच्या संसारात जात असेल, कदाचित त्यांनी बोलता बोलता एक वाक्य टाकलं आणि तुम्हालाच पाझर फुटला. संशय घेऊ नका, सरळ विचारा. "ऑपरेशन कुठे करताय? सोबत कोण येणार?" आठ महिने रोज बोलणाऱ्या माणसाला एवढं विचारायचा हक्क आहे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यांच्या घरी तुमच्याबद्दल माहीत आहे का? त्यांच्या मुलीला, सुनेला तुमचं नाव ठाऊक असेल तर मला निम्मा धीर येईल. नांदेडच्या स्वयंपाकघराचं दारही लागलेलं असेल तर मात्र तुम्ही दोघंही थोडं थांबा.

भेटा जरूर. पण अक्कलकोट नको. स्वामी समर्थांना खोट्या साक्षीला कशाला उभं करता? एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून देवदर्शन स्वस्त झालंय हे खरं, पण तुमच्यासारख्या सरळ बाईला परतल्यावर मुलाच्या हातावर खोटा प्रसाद ठेवता येणार नाही, हात कापेल. आणि बसमध्ये घेरी आली, पाय मुरगळला, तर तुम्ही नक्की कुठे आहात हे कुणाला ठाऊक असेल? ताकाला जायचंय ना, मग भांडं हातात धरून जा. ज्या मैत्रिणीने मंडळात घातलं तिला सोबत घ्या. सकाळी दहा-अकराला सिद्धेश्वरांच्या देवळात भेटा, तळ्याकाठी चार पावलं चाला. गड्ड्याची जत्रा चालू असेल तर होम मैदानावर माणसांची काय वाण! मग कुठेतरी चहा घ्या. पहिल्या भेटीत घरी नेऊ नका, आणि ते उतरलेत तिथेही जाऊ नका. त्यांना वाईट वाटणार नाही. वाटलं तर तेही तुम्हाला कळलेलं बरं. शेंगाची चटणी मात्र बांधून द्या, त्याला माझी हरकत नाही.

मुलाशी बोलायचं ते भेटीच्या आधी, आणि भांडणासारखं नाही. त्याचं शेवटचं वाक्य आठवा, घराचं. माझ्या मते त्याची खरी धास्ती तिथे आहे, "शोभतं का" हे वरचं वेष्टन. लगेच त्याला स्वार्थी ठरवू नका. असल्या बातम्या तोही वाचतोच. त्याला सांगा, मी मृत्युपत्र करणार आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून टाकलेली बरी, आणि जिवंत असेपर्यंत ते कधीही बदलता येतं. त्याचं समाधान व्हावं म्हणून घाईने घराचं बक्षीसपत्र मात्र करून देऊ नका. मुलालाही नाही, आणखी कुणालाही नाही. एकदा लिहून दिलं की हातचं गेलं. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, सांभाळ केला नाही तर दिलेली मालमत्ता परत मिळवायची सोय त्यात आहे, पण सांभाळण्याची अट कागदात लिहिलेली नसेल तर पुढे भांडत बसावं लागतं. या वयात कचेरीच्या पायऱ्या कुणी चढायच्या?

पुढचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते. उद्या गोष्ट लग्नापर्यंत आलीच, तर आधी पेन्शनचं बघा. तुम्हाला मिळते ती यजमानांमागची कुटुंब पेन्शन. पुनर्विवाह केला की ती काही ठिकाणी थांबते, काही ठिकाणी चालू राहते, म्हणून तुमच्याबाबतीत नियम काय ते पेन्शन कार्यालयात आधी विचारून घ्या. कितीतरी ज्येष्ठ मंडळी लग्न न करता एकत्र राहतात, त्यामागे हेही एक व्यवहारी कारण असतं. पुण्यात तर ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ आहे. पण मला विचाराल तर तुम्हाला यातलं काहीच नको असेल. तुमच्या अख्ख्या पत्रात लग्न हा शब्द नाही, फोन मात्र तीन वेळा आलाय. रात्री नऊला कुणीतरी असावं एवढंच हवं असेल, तर तेवढंच ठेवा. त्याला नाव द्यायची सक्ती नाही.

आणि मंडळ सोडू नका. मला एकच खटकलं. पत्रात मंडळातल्या चाळीस माणसांबद्दल दोन-तीन वाक्यं आहेत, पुढचं सगळं एका माणसाचं. बुधवारच्या गाण्यांना अजून जाता ना? बेळगावच्या कुणाशी शेवटचं कधी बोललात? गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिक संघातही आठवड्यातून एकदा डोकवा. तिथल्या गप्पा रक्तदाब आणि जावई यांच्यापलीकडे फारशा जात नाहीत, मला ठाऊक आहे, पण पाय मुरगळला तर नांदेडहून कुणी येईपर्यंत तीच माणसं धावतील. काही अडलं, कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. शेजारी १९३० पण लिहा.

आज रात्री एवढं करा. साडेआठला साडी बदला, रोजच्यासारखी. नऊच्या आधी दहा मिनिटं पुण्याला व्हिडिओ लावा, सुनेला बोलवा आणि तिच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर देऊन टाका. मग स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवून नांदेडचा फोन घ्या. आणि त्यांना म्हणावं, बेसन आधी गार पाण्यात नीट कालवून घ्या आणि मग फोडणीत ओता. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकत असतील, म्हणून गुठळ्या होतात.