स्विंडनचा पहिला हिवाळा

म्हापशात बसून थंडीच्या गोष्टी सांगतोय म्हणून हसू नको. बारा हिवाळे काढलेत तिथं, इंग्लंडातल्या स्विंडनला. तिथं घर घेतलंस ना, आता बाहेर जाऊन घर गरम ठेवणाऱ्या गॅस बॉयलरचा प्लास्टिकचा पाइप बघ. गॅसच्या धुरातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी त्यातून थेंबथेंब जातं, म्हणून गोठतं. बाहेरचा पाइप निदान 32 मिलिमीटरचा नि होईल तेवढा आखूड हवा. उतार मीटरमागं 45 मिलिमीटर. वर वॉटरप्रूफ फोम, वळणांवरसुद्धा. माझं नेमकं एक वळण उघडं राहिलं, पहाटे बॉयलर गुडगुडला नि बंद! तसं झालं तर पाइपवर कोमट पाणी ओत. उकळतं मुळीच नको, पाइप तडकतो. मग रीसेट. नि सांडलेल्या पाण्यावर मीठ टाक, नाहीतर घसरशील.