कोकणात डोंगरावर एखादं क्रेटर लेक (ज्वालामुखीच्या तोंडाच्या वाडग्यात साठलेलं तळं) आहे का, जिथे चालत जाता येईल?

नाही. सह्याद्री ज्वालामुखीचाच, पण शंकूसारख्या डोंगरातून उसळलेला नव्हे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसले. त्यामुळे माथ्यावर वाडगा नाही नि वाडग्यात तळंही नाही. लोणारचं म्हणाल तर ते बुलढाण्यात, उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किमी व्यासाचं. तिथे डोंगर चढायचा नसतो, उलट खाली उतरायचं असतं!

आडवाटेला चालून पाण्यापाशी बसायचं असेल तर रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात या. रसाळगड, सुमारगड, महिपतगड एकाच डोंगररांगेत आहेत. रसाळगड सोपा. झोलाई देवीच्या देवळाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, गडावर तोफा पडलेल्या दिसतात. मी देवळात मुक्काम केला होता. पहाटे टाक्यावर धुकं इतकं दाट की कळशी बुडवल्याचा आवाज आला, पाणी दिसलंच नाही.

सुमारगडाकडे मात्र जंगल दाट आहे, वाटा फुटतात. वाडीतला कोणीतरी सोबत घ्याच, मोबाईलच्या नकाशावर जाऊ नका. तिथलं खांबटाकं (आत दगडी खांब राखून कोरलेलं टाकं) बघायला ही तंगडतोड करावीच, असं माझं मत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसात कातळ शेवाळतो, मे महिन्यात घामानेच अर्धे व्हाल. टाक्यातलं पाणी गाळून, उकळूनच प्या, आणि त्यात पाय सोडून बसू नका, प्यायचं पाणी आहे ते.