वाचकांचे प्रश्न : प्रकाशावर न जगणारी प्रवाळे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत. ज्यांच्या शरीरात शैवाल राहत नाही आणि म्हणून दिव्याच्या उजेडावर ज्यांचे पोट भरत नाही, अशी प्रवाळे घरच्या टाकीत जगवायची कशी, असे ही पत्रे विचारतात. ती संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझ्या रीफ टँकमध्ये दोन वर्षांपासून मऊ प्रवाळे उत्तम वाढत आहेत. चार महिन्यांपूर्वी केशरी रंगाचे सन कोरल आणले. दिवे चांगले आहेत, क्षारता आणि कॅल्शियमही योग्य आहे. तरी ते फुलत नाही आणि आता पॉलिपांच्या (वसाहतीतील एकेका प्रवाळजिवाच्या) मधला मांसल थर आक्रसून पांढरा सांगाडा दिसू लागला आहे. पाण्यात काय कमी पडत असावे?

उत्तर : पाण्यात काही कमी नाही, आपले प्रवाळ उपाशी आहे. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि त्या प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा, काही जातींत सुमारे 90 टक्क्यांपर्यंत, हे शैवालच पुरवते. आपली मऊ प्रवाळे त्याच बळावर दोन वर्षे मजेत आहेत. सन कोरल, म्हणजे ट्युबॅस्ट्रिया, या प्रजातीकडे असा भाडेकरू नाही. तिच्या प्रत्येक पॉलिपाला स्वतःचे भक्ष्य स्वतःच पकडावे लागते, आणि एका पॉलिपाने खाल्लेले शेजारच्या पॉलिपालाही पोचत असेल, असे गृहीत धरून चालत नाही. मी हे किंमत मोजून शिकलो. माझ्या पहिल्या वसाहतीला मी नेहमी वरूनच अन्न देत असे; समोरून ती भरगच्च दिसे. काही महिन्यांनी खडक हलवावा लागला, तेव्हा खालच्या बाजूचे सर्व पॉलिप केव्हाच मरून गेलेले आढळले.

उपासमारीने होणारा हा मृत्यू फार संथ असतो, आणि त्यामुळेच तो ओळखू येत नाही. चौथ्या महिन्यात प्रवाळ ढासळू लागते आणि आपण त्या आठवड्यात बदललेल्या मिठाला किंवा दिव्याला दोष देत बसतो.

न फुलणाऱ्या प्रवाळाची अडचण अशी, की अन्नाची चाहूल लागल्याशिवाय ते उघडत नाही आणि उघडल्याशिवाय त्याला अन्न देता येत नाही. हे चक्र तोडण्यासाठी संध्याकाळी दिवे मंदावल्यावर गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकीच्याच थोड्या पाण्यात वितळवून घ्यावे आणि ते पाणी ड्रॉपरने प्रवाळाच्या दिशेने प्रवाहात सोडावे. त्यानंतर अर्धा-पाऊण तास काहीही करू नये. पहिले काही दिवस प्रतिसाद मिळाला नाही, तरी रोज त्याच वेळी हे करत राहावे. प्रवाळ फारच मिटलेले असेल, तर त्याला टाकीतले पाणी भरलेल्या वाडग्यात काढून तिथेच अन्न द्यावे. उचलताना मात्र पॉलिप मिटलेले असावेत, कारण फुललेला पॉलिप पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाने फाटू शकतो.

एकदा सवय लागली, की दृश्य पाहण्यासारखे असते. सुपारीएवढा घट्ट मिटलेला गोळा पाणी भरून हळूहळू फुगतो, त्याच्या कडेने पिवळी, जवळजवळ पारदर्शक स्पर्शके बाहेर येतात आणि मधोमध तोंडाची बारीक फट दिसते. पंप बंद करून मायसिसचा एक दाणा स्पर्शकांवर अलगद सोडला, की तो तिथेच चिकटतो. मग स्पर्शके एकेक करून आत वळतात आणि दाणा तोंडाशी नेतात. गिळायला काही मिनिटे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी टाकीतली कोळंबी येऊन पॉलिपाच्या तोंडातून घास ओढून काढते. हे टाळण्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, बूच काढून, तो प्रवाळावर घुमटासारखा ठेवावा, बाटलीच्या तोंडातून अन्न सोडावे आणि वीसेक मिनिटांनी तो काढावा. निरोगी वसाहतीतील प्रत्येक पॉलिपाला आठवड्यातून दोन-तीनदा घास मिळाला पाहिजे. आपल्या प्रवाळासारख्या खंगलेल्या वसाहतीला काही आठवडे रोज द्यावा. उघड्या पडलेल्या सांगाड्यावर शेवाळ बसले नसेल, तर मांसल थर पुन्हा त्यावर पसरू शकतो, आणि तळाशी मोहरीएवढे नवे पॉलिप दिसू लागले, की आपले चुकत नाही असे समजावे.

प्रश्न : सन कोरल आणि इतर काही प्रवाळांना मी रोज भरपूर अन्न देतो, ती छान फुलतात. परंतु नायट्रेट व फॉस्फेट इतके वाढले आहेत, की दगडांवर तंतुमय शेवाळ माजले आहे. अन्न कमी करावे का? आणि ही प्रवाळे अंधारातच ठेवावी लागतात, हे खरे का?

उत्तर : अन्न कमी करू नये, अन्न कुजून साचणारे नायट्रेट-फॉस्फेट बाहेर काढण्याची सोय वाढवावी. या छंदाचा सगळा पेच इथेच आहे. समुद्रात प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) पुरवठा अखंड चालू असतो आणि उरलेले अन्न अफाट पाण्यात कुठच्या कुठे वाहून जाते. आपल्या टाकीत टाकलेला प्रत्येक दाणा, खाल्लेला असो वा न खाल्लेला, शेवटी त्याच शे-दोनशे लिटर पाण्यात विरघळतो. ट्युबॅस्ट्रियाचीच एक जात, ट्युबॅस्ट्रिया कॉक्सिनिया, मूळची हिंद-प्रशांत महासागरातली. 1943 मध्ये कॅरिबियन समुद्रात तिची नोंद झाली, पुढे ती ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोचली, आणि आज तिथे तिला उपद्रवी परकी जात मानून खडकांवरून खरवडून काढतात. वाहत्या अन्नावर जे प्रवाळ आवरता आवरत नाही, तेच आपल्याकडे उपाशी मरते.

सुरुवात अन्नापासूनच करावी. गोठवलेले अन्न वितळवल्यावर बारीक जाळीत धुऊन घ्यावे, कारण त्या गढूळ पाण्यातून फॉस्फेट येते. प्रवाळाला जागे करण्यासाठी त्यातले चार थेंब पुरतात. एकाच वेळी मूठभर देण्याऐवजी थोडे-थोडे, अनेकदा द्यावे. त्यानंतर स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र : टाकीच्या आकारासाठी सुचवलेल्यापेक्षा एक माप मोठा घ्यावा. गाळण पिशवी दोन-तीन दिवसांनी बदलावी; ती आठवडाभर तशीच ठेवली, तर अडकलेले अन्न त्याच पाण्यात कुजत राहते आणि गाळण्याचा उद्देशच फसतो. संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, जागा असेल, तर तिथे दिव्याखाली किटोमॉर्फा शैवाल वाढवून दर काही दिवसांनी त्याचा गठ्ठा काढून टाकावा, म्हणजे दगडांवरच्या शेवाळाचे खाद्य तिथेच संपते. फॉस्फेटसाठी लोहयुक्त शोषक चालतो. जिवाणूंना कार्बनचे खाद्य देऊन नायट्रेट उतरवण्याची पद्धतही प्रभावी आहे, पण ती मात्रेच्या दहाव्या हिश्शाने सुरू करून आठवड्यागणिक वाढवावी. एकदम वाढवल्यास पाणी दुधाळ होते, प्राणवायू घटतो आणि रात्री मासे मरतात. याशिवाय आठवड्याला 10 ते 20 टक्के पाणी बदलणे आहेच. नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र नको.

अंधाराविषयी : उजेड या प्रवाळांना विष नाही. ती कपारीत आणि छताखाली आढळतात, कारण उजेडाच्या जागा शैवाल आणि झपाट्याने वाढणारी इतर प्रवाळे बळकावतात. टाकीतही धोका उजेडाचा नसून उजेडात वाढून प्रवाळाच्या अंगावर चढणाऱ्या शेवाळाचा आहे. म्हणून छताखालची, पण हात आणि ड्रॉपर सहज पोचेल अशी जागा निवडावी. जिथे रोज हात पोचत नाही, तिथल्या प्रवाळाला आपण रोज अन्न देणार नाही, हे आधीच मान्य करावे. एक गोष्ट विसरू नये, की दिवा लागत नसला तरी सन कोरल कठीण सांगाडा बांधणारे प्रवाळ आहे. क्षारांचे प्रमाण हजारी 35, तापमान 25 अंश सेल्सिअसच्या आसपास, अल्कलिनिटी (आम्ल सामावून घेण्याची पाण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच (तिचे एकक) आणि कॅल्शियम 420 पीपीएमच्या (दशलक्षात भाग) जवळ, हे त्यालाही हवेच.

प्रश्न : विक्रेत्याकडे गुलाबी-जांभळ्या रंगाचे, काचेसारख्या देठाचे डेन्ड्रोनेफ्थिया आले आहे. सन कोरल माझ्याकडे वर्षभर नीट आहे. आता हे घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. इतके सुंदर आणि इतके हमखास मरणारे प्रवाळ या छंदात क्वचितच असेल. सन कोरलचा अनुभव इथे कामाला येत नाही, कारण सन कोरलचे तोंड मोठे आहे आणि याचे अगदी इवलेसे. तांबड्या समुद्रातील डेन्ड्रोनेफ्थियावर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की त्याचे मुख्य अन्न वनस्पतिप्लवक आहे. म्हणजे त्याला एकपेशीय शैवालाच्या आकाराचे कण लागतात, तेही दिवसरात्र, वाहत्या पाण्यात. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाचे नुकतेच जन्मलेले पिल्लू जवळपास अर्ध्या मिलिमीटरचे असते. आपल्याला तो कण वाटतो, डेन्ड्रोनेफ्थियाला तो डोंगर आहे. बाटलीतील शैवाल सकाळ-संध्याकाळ ओतून ही गरज भागत नाही. प्रवाळ काही आठवडे फुललेले दिसते, मग दर आठवड्याला थोडे लहान होत जाते, आणि एके दिवशी देठ वितळलेला आढळतो.

पुढची पायरी चढायचीच असेल, तर तोंडाचा आकार हे माप धरावे. सन कोरलनंतर डेन्ड्रोफिलिया आणि बॅलानोफिलिया ही मोठ्या पॉलिपांची प्रवाळे तशीच हाताने अन्न देऊन जगतात. त्यानंतर गोर्गोनियनांपैकी (फांद्यांसारख्या किंवा पंख्यासारख्या वाढणाऱ्या प्रवाळांपैकी) मेनेला किंवा डायोडोगोर्गिया यांचा विचार करता येईल; त्यांना आर्टेमियाची पिल्ले, रोटिफर आणि बारीक कोपेपॉड (दोन्ही सूक्ष्म प्राणिप्लवक) रोज, शक्यतो दिवसातून अनेकदा मिळाले पाहिजेत. पंख्यासारखा गोर्गोनियन प्रवाहाला काटकोनात उभा करावा. तो अंगावर मेणचट पापुद्रा आणून काही दिवस मिटतो, तेव्हा प्रवाह जोरदार असेल तर पापुद्रा आपोआप गळून पडतो. हे सारे हाताने करणे नोकरीधंदा करणाऱ्याला जमत नाही. त्यासाठी छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेले द्रवरूप अन्न डोसिंग पंपाने (ठरावीक मात्रा आपोआप सोडणाऱ्या पंपाने) तासातासाला सोडण्याची व्यवस्था करतात. त्यात फ्रिजबाहेर राहणाऱ्या नळीतले अन्न नासते, म्हणून नळी आखूड ठेवून ती दर आठवड्याला धुवावी. आणि ही प्रवाळे इतर मत्स्यालयात मिसळण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळी, लहान टाकी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीपूर्वी कागदपत्रेही पाहावीत. सर्व कठीण प्रवाळे आणि काळी प्रवाळे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, आणि प्रवाळे बाळगण्याविषयीचे आपापल्या देशाचे कायदे त्याहून कडक असू शकतात.

प्रश्न : सन कोरलच्या बुडाशी पिवळ्या रंगाची चिमुकली गोगलगाय दिसली. शेवाळ खाणारी असेल तर राहू द्यावी का?

उत्तर : आजच काढावी. ती बहुधा एपिटोनियम बिलियानम आहे. ती शेवाळ नव्हे, सन कोरलच खाते, आणि तिचा रंगही त्या प्रवाळाशी मिळताजुळता असल्याने सहसा नजरेस पडत नाही. रात्री टॉर्च घेऊन पॉलिपांच्या बेचक्यांत शोधावे, चिमट्याने गोगलगाय काढावी आणि शेजारी चिकटलेले पिवळ्या अंड्यांचे पुंजकेही खरवडून घ्यावेत. त्यानंतर काही आठवडे दर दोन-तीन रात्रींनी तपासणी करावी, कारण एखादा पुंजका हमखास सुटलेला असतो.