सागाच्या फळ्या: खिळे की गोंद?

प्रश्न: रत्नागिरीत तळमजल्यावर घर आहे, हॉलमध्ये सॉलिड सागाच्या टंग-ग्रूव्ह (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते तशा) फळ्या टाकायच्यात, जाडी १८ मिमी, खाली सिमेंटचा कोबा. सुतार म्हणतो फेविकॉल लावून सरळ चिकटवू, भाऊ म्हणतो प्लायवर खिळे मारून घे. कुणाचं ऐकू?

उत्तर: भावाचं ऐका, पण आधी कोबा बघा. जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा, खालून पाणी सुटलं किंवा कोबा काळपट पडला तर ओल आहे, मग आधी वॉटरप्रूफिंग, फळ्यांचं नंतर बघू. तळमजला आणि त्यात कोकणातला पाऊस, त्यामुळे हे टाळूच नका.

कोबा कोरडा निघाला की प्लास्टिक शीट, त्यावर मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड), आणि फळीच्या जिभेतून ४५ अंशात तिरका खिळा, साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर एक. पुढची फळी बसली की खिळ्याचं डोकं झाकलं जातं, वरून काहीच दिसत नाही. सागाला आधी बारीक ड्रिल मारून घ्या नाहीतर जीभ फाटते.

चिकटवायचंच असेल तर लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) गोंद घ्या, पांढरा फेविकॉल नको, त्यात पाणी असतं, लाकूड ते पितं आणि फुगतं. आणि भिंतीकडेने १०-१२ मिमी फट सोडायला सांगा, सुतार "कशाला, घट्ट बसवतो" म्हणेल, पण पावसाळ्यात फळी रुंदीत वाढते, जागा नसली की मधूनच उचलते. फट काय, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली) जाते.