केनियाच्या सेवाशिबिराला जाण्याआधी: एका नर्सिंग विद्यार्थिनीच्या वडिलांना उत्तर

पत्र: मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टोरांटोजवळ राहणाऱ्या आत्याच्या धर्मग्रामातून (चर्चच्या पॅरिशमधून) एप्रिलमध्ये 10 दिवसांचं वैद्यकीय शिबिर केनियात, होमा बे भागात जाणार आहे. माणशी खर्च 1 लाख 80 हजार. "तिकडे इंजेक्शन, टाके सगळं करायला मिळतं, कॅनडाला येताना कामी येईल," असं आत्याचं म्हणणं. पाठवू का? – एक पालक, वसई

नमस्कार.

आत्याच्या वाक्यातला पहिला भाग हीच माझी मोठी अडचण आहे. तुमची मुलगी अजून नर्स नाही. डिग्री हातात आल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होईल, तेव्हा ती नर्स. वसईच्या वॉर्डात जे काम तिला देखरेखीशिवाय करता येत नाही, ते होमा बेत कसं चालेल? केनियातही नर्सिंग कौन्सिल आहे. बाहेरून येणाऱ्या नर्सला तिथं तात्पुरता परवाना काढावा लागतो. डॉक्टरांसाठी वेगळी कौन्सिल आहे. विद्यार्थिनीने टाके घातले आणि जखम चिघळली, तर टीम तोवर विमानात बसलेली असते.

आता कॅनडाचं. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत नर्स म्हणून नोंदणीसाठी शिक्षणाची पडताळणी होते, एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते आणि अलीकडे नर्स म्हणून केलेलं काम पाहतात. शिबिराच्या प्रमाणपत्राला यात जागा नाही. ज्या संस्था खरोखर संकटग्रस्त भागात नर्स पाठवतात, उदाहरणार्थ डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, त्या साधारण 2 वर्षांचा कामाचा अनुभव मागतात.

म्हणजे जाऊच नये का? जावं, पण काय म्हणून जायचं ते आधी ठरवून. शिबिरात रांग अशी चालते: नोंदणी, मग बीपी-वजन-ताप, मग डॉक्टर, शेवटी औषधखिडकी. विद्यार्थिनीची जागा पहिल्या दोन टेबलांवर, आणि औषधखिडकीत गोळ्या मोजायला, तीही फार्मासिस्टच्या नजरेखाली. हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. सकाळपासून चालत आलेल्या बाईचा बीपी टेकल्या टेकल्या घेतला, तर तो वाढलेलाच दिसणार. आधी 5 मिनिटं बसवायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. दंड जाड आणि त्यावर गुंडाळायचा यंत्राचा पट्टा (कफ) लहान असेल, तरी आकडा खोटा वाढतो. त्या आकड्यावर कुणाला जन्मभराची गोळी सुरू होऊ शकते.

आणि ती गोळी 30 दिवसांनी संपते. एकतिसाव्या दिवशी काय? बहुतेक शिबिरं इथंच फसतात. अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध सुरू करायचं असेल तर तेच औषध पुढे तिथल्या दवाखान्यात मिळायला हवं आणि रुग्णाच्या हातात चिठ्ठी हवी, त्या दवाखान्याला वाचता येईल अशी. पाकिटावर सूर्य-चंद्र काढले तर सकाळ-रात्र कळते. त्या भागात धोलुओ बोलतात, त्यामुळे दुभाषे स्थानिकच हवेत.

म्हणून पैसे भरण्याआधी आत्याला सांगून या गोष्टी मागवा. केनियात 2013 पासून आरोग्यसेवा काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागांच्या, सरकारांकडे आहे, तेव्हा होमा बे काउंटीच्या आरोग्य विभागाचं पत्र आलंय का? डॉक्टर-नर्सचे तात्पुरते परवाने निघाले का? औषधं बाहेरून नेणार असतील, तर तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी घेतली का, आणि पोहोचताना औषधांची मुदत किमान वर्षभर शिल्लक आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने दानाच्या औषधांसाठी हाच नियम घातलाय. पॅरिशच्या हॉलमध्ये गोळा झालेली उरलीसुरली सॅम्पलं त्यात बसत नाहीत. तिथला कुठला दवाखाना यजमान आहे आणि त्याने स्वतः काय मागितलंय? शेवटच्या प्रश्नावर उत्तर अडखळलं, तर मी पैसे भरणार नाही.

एप्रिल हा तिथला मोठ्या पावसाचा काळ, मार्च ते मे. कच्चे रस्ते बंद पडतात, रुग्ण येऊच शकत नाहीत. तारीख कोणी ठरवली, तेही विचारा.

तब्येतीचं वेगळं पाहा. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर केनियातून परतताना भारतातच 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया भरपूर. तो टाळायला डॉक्सिसायक्लिन ही गोळी निवडली, तर जाण्याच्या 1-2 दिवस आधीपासून रोज, आणि परतल्यावर 4 आठवडे; घरी आल्यावर सोडून देणारेच जास्त. हेपॅटायटिस बीचे 3 डोस पूर्ण हवेत. सुई टोचलीच, तर एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांच्या आत नक्की, मग 28 दिवस. ती टीमच्या पेटीत आहेत का, हे विचारायला लाजू नका.

कॉलेजचंही बघा. डिग्रीआधी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या पाळ्या, शंभर टक्के भरावी लागतात. बुडालेले 10 दिवस कधी भरून काढायचे, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या.

माझा कल विचाराल तर यंदा थांबावं. याच 1 लाख 80 हजारांत एनक्लेक्सची फी आणि इंग्रजीच्या परीक्षेची तयारी बऱ्यापैकी निघेल. आणि शिबिराचंच काम शिकायचं असेल, तर जव्हार-मोखाडा आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुट्टीत महिनाभर बीपीचं आणि नोंदणीचं टेबल सांभाळता येईल का, हे तिने कॉलेजमार्फत विचारावं. तिथं दुभाषाही लागणार नाही. आत्याचं धर्मग्राम पुढेही दरवर्षी जाणारच असेल, तर तिला दोन वर्षांनी, नोंदणी झाल्यावर, जाता येईल.